बेटाला खालचं अंग नसतं

दिवाळीत आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव बदललं. आधी 'शाळेची पोरं' होतं, त्याचं 'लक्षद्वीप लोडिंग' झालं. ग्रुपात आम्ही सात जण. एकाचं पोल्ट्रीचं शेड, एकाचा जेसीबी, एकाचा ऊस आणि केळी, एक झेडपीच्या शाळेत मास्तर, दोघं पुण्यात हिंजवडीला आणि सातवा मी. माझं माढ्यात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, पोलीस भरती, रेल्वेचं तिकीट, सगळं माझ्याकडं होतं.

डीपीला निळंशार पाणी आणि पांढरी वाळू लागली. कुणी ड्रोनचे रील टाकले, कुणी पॅकेजचे स्क्रीनशॉट. कुर्डुवाडीहून केरळची गाडी धरायची, कोचीवरून पुढं विमान किंवा जहाज, असा बेत ठरला. कामांची वाटणी झाली आणि माझ्या वाट्याला परमिट आलं. "फॉर्म भरायचं तुझं कामच आहे की," जेसीबीवाला म्हणाला. मग त्यानंच विचारलं, "पण आपल्याच देशात जायला परमिट कशाला लागतंय? उद्या सोलापूरला जायला पण मागतील."

त्यावर सगळ्यांनी हसायचे इमोजी टाकले. मीही टाकला. पण फॉर्म भरणाऱ्या माणसाला एक वाईट खोड असते, तो नियम वाचतो. मी वाचत गेलो आणि आठवड्याभरात ग्रुपातला सगळ्यात नकोसा माणूस झालो. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला ग्रुपवर न मावलेलं उत्तर आहे. सुरुवातीलाच सांगतो, 'फिरायला जाऊ नका' असं माझं म्हणणं नाही. आपण जसे निघालोय तसं जाऊ नये, एवढंच म्हणणं आहे. आणि हे सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला तरी दोनदा सांगायची गरज पडू नये.

* * *

आधी हे खूळ आलं कुठून ते बघू. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांचे लक्षद्वीपच्या किनाऱ्यावरचे फोटो आले. त्यावर मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी सोशल मीडियावर नको ते लिहिलं, त्यांना निलंबित करण्यात आलं आणि आपल्याकडं 'मालदीववर बहिष्कार' सुरू झाला. तोवर ज्यांना लक्षद्वीप अरबी समुद्रात आहे की बंगालच्या उपसागरात हे माहीत नव्हतं, ते लोक दोन दिवसांत तिथलं विमानाचं वेळापत्रक सांगायला लागले. सुट्टी हे देशकार्य झालं. बीचवर उताणं पडणंही राष्ट्रसेवा!

पण देशप्रेम दाखवायला जिथं जायचं ती जागा केवढी आहे, हे कुणी विचारलं का? लक्षद्वीपमध्ये ३६ बेटं आहेत. सगळ्यांची मिळून जमीन ३२ चौरस किलोमीटर. पुन्हा सांगतो, एका बेटाची नाही, सगळ्यांची मिळून. आमच्या उजनी धरणाच्या फुगवट्यात याच्या कितीतरी पट जमीन बुडालेली आहे. ३६ पैकी फक्त १० बेटांवर वस्ती. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४,४७३. मूळचे रहिवासी जवळपास सगळे अनुसूचित जमातीचे. बाहेरच्या माणसाच्या येण्या-राहण्यावर बंधन घालणारा नियम १९६७ पासून आहे. परमिट त्याचंच. कुणाचा अपमान करायला तो केलेला नाही. चार जणांच्या घरात चाळीस पाहुणे एकदम शिरू नयेत म्हणून दाराला जी कडी असते, तीच ही. २०२१ मध्ये तिथल्या प्रशासनानं जमीन आणि विकासाबद्दलच्या नव्या नियमांचा मसुदा काढला, तेव्हा बेटावरची माणसं घराघरांतून विरोधाला उभी राहिली. आपल्याला ते 'विकासविरोधी' वाटले. धरणात गाव गेलेल्या माणसानं तरी त्यांना तसं म्हणू नये.

आता दुसरी गोष्ट, जी मला स्वतःला माहीत नव्हती. मला वाटायचं, बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला डोंगर आणि त्याच्या भोवती शोभेला प्रवाळ, कुंडीभोवती गोटे लावतात तसे. लक्षद्वीपचं तसं नाही. तिथं प्रवाळ हीच जमीन आहे.

प्रवाळ म्हणजे पोवळं. मंगळ वाकडा असला की ज्योतिषी अंगठीत घालायला सांगतो त्याच्याच गोतावळ्यातलं. अंगठीतलं लाल पोवळं वेगळ्या जातीचं, रीफ बांधणारी पोवळी वेगळी, पण दोन्ही दगड नव्हेत, प्राणी आहेत. टाचणीच्या डोक्याएवढे नाहीतर नखाएवढे जीव चुन्याचं घर बांधतात. ते मेले की त्या घरावर पुढची पिढी आपलं घर बांधते. हजारो वर्षं हे चालतं तेव्हा समुद्राच्या पोटातून एक कडं वर येतं. त्या कड्याच्या आतलं उथळ शांत पाणी म्हणजे लगून, आणि कड्यावर साठलेला प्रवाळाचा चुरा म्हणजे बेट. तुमच्या रीलमधली ती पांढरीशुभ्र वाळू याच चुऱ्याची. त्यातली बरीचशी पोपटमासा नावाचा मासा तयार करतो. तो प्रवाळ कुरतडतो, त्यावरचं शेवाळ खातो आणि मागून वाळू सोडतो. ज्या वाळूवर हनिमूनवाले बदाम काढतात ती माशाच्या पोटातून आलेली आहे. यात किळस वाटण्यासारखं काही नाही. ही त्या बेटाची माती आहे. आपली काळी माती जशी कुजून तयार होते, तशी त्यांची चावून.

म्हणजे लाट अडवणारी भिंत तीच, पायाखालची जमीन तीच आणि पोटापाण्याचं साधनही तीच. लक्षद्वीपचे मच्छीमार गळानं एकेक टुना मासा काढतात. त्या गळाआधी समुद्रात जिवंत बारके मासे फेकावे लागतात, आणि ते बारके मासे लगूनमधून, प्रवाळाच्या आसऱ्यातून येतात. प्रवाळ गेला की चारा गेला, चारा गेला की टुना गेला. रीफ मेल्यावर बेटाचं काय होतं याची कल्पना करायची असेल तर बंगारामजवळच्या पराली-१ या छोट्या निर्मनुष्य बेटाचं उदाहरण आहे. १९६८ च्या नकाशात ते होतं. २०१७ मध्ये अभ्यासकांनी नोंदवलं की लाटांनी ते पूर्ण खाल्लं. आता नाही.

* * *

आता पाणी. इथं माझं आणि ग्रुपचं खरं भांडण झालं.

बेटावर नदी नाही, धरण नाही, डोंगर नाही. पडलेला पाऊस त्या भुसभुशीत वाळूत मुरतो. खाली चारी बाजूंनी समुद्राचं खारं पाणी असतंच. गोडं पाणी हलकं, म्हणून ते खाऱ्यावर तरंगत राहतं, दुधावरच्या सायीसारखं. लोकांच्या विहिरी या सायीतनं पाणी काढतात. बेतानं काढलं तर वर्ष निघतं. मोटार लावून उपसलं की खालचं खारं वर चढतं आणि मग ती विहीर लवकर गोड होत नाही. आपल्याकडं बोअर आटली की दुसरी पाचशे फूट मारायची सवय. तिथं पाचशे फूट खाली समुद्र आहे.

सरकारनं उपाय केलेत. कवरत्तीला २००५ मध्ये समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प उभा राहिला. वरच्या कोमट आणि खोलवरच्या थंड पाण्याच्या तापमानातला फरक वापरून तो रोज एक लाख लिटर पिण्याचं पाणी देतो. चांगली गोष्ट. पण हिशोब करा. एक लाख लिटर म्हणजे आपल्याकडचे दहा हजार लिटरचे दहा टँकर. कवरत्तीची वस्ती अकरा हजारांच्या वर. म्हणजे माणशी नऊ लिटरच्या आसपास. पिणं आणि स्वयंपाक झाला. आता त्यात समुद्रात डुंबून आल्यावर गोड्या पाण्याचा शॉवर घेणारे आपण, 'अंगाला मीठ राहिलंय' म्हणून दुसऱ्यांदा घेणारे आपण, रोज टॉवेल बदलून मागणारे आपण.

हे मी ग्रुपवर टाकलं. हिंजवडीतला एक म्हणाला, "अरे पैसे भरतोय ना आपण. रिसॉर्टवाला बघेल काय ते."

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलोय. फक्त दुसऱ्या बाजूनं.

आमच्या तालुक्यात भीमेवर उजनी धरण आहे. १९८० मध्ये पूर्ण झालं. त्याच्या वरच्या अंगाला पुणे आणि पिंपरी-चिंचवड. तिथल्या लाखो घरांतलं फ्लश केलेलं, धुतलेलं, विसळलेलं पाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत येतं आणि भीमेतून उजनीत. काही शुद्ध होऊन येतं, बरंच तसंच येतं. उन्हाळ्यात आमच्याकडं पाण्यावर हिरवी साय धरते, काठाला वास मारतो, जलपर्णी पसरते. तेच पाणी शेताला, तेच सोलापूर शहराला, तेच आषाढीला चंद्रभागेत सोडतात आणि वारकरी तोंडात घेतो. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेली होती. उणे म्हणजे मृतसाठ्यातलं, तळातलं पाणी. बुडालेल्या जुन्या देवळांची शिखरं उघडी पडली आणि ती बघायला, फोटो काढायला वरच्या अंगाची माणसं गाड्या घेऊन आली. भिगवणला फ्लेमिंगो बघायला येतात तशीच. कुणी वाईट नव्हतं त्यात. हौशी, चांगली माणसं. फक्त आपण सकाळी जे फ्लश केलं तेच इथं साठलंय, हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांनी नळपट्टी भरलेली असते. महापालिका बघेल काय ते.

आपण खालच्या अंगाची माणसं आहोत. चाळीस वर्षं आपण बोंबलतोय की वरच्यांनी जरा विचार करावा. आणि आता आपल्या हातात चार पैसे आले, तर पहिली गोष्ट काय करायची? कुणाच्या तरी वरच्या अंगाला जाऊन बसायची?

बेटावर तर हे आणखी वाईट, कारण बेटाला खालचं अंगच नसतं. पुण्याची घाण निदान वाहून दुसऱ्याच्या दारात जाते. बेटावरची कुठंच जात नाही. संडासाचा शोषखड्डा आणि पिण्याची विहीर एकाच वाळूत. खड्ड्यातलं झिरपतं ते एक तर विहिरीत येतं, नाहीतर लगूनमध्ये. चिप्सचं पाकीट, शाम्पूची पुडी, पाण्याची बाटली पुरायला जागा नाही, जाळलं तर धूर आपल्याच घरात, आणि बाहेर न्यायचं तर जहाज. बेटावर टाकलेली प्रत्येक गोष्ट बेटावरच राहते. टाकणारा तेवढा परत येतो.

* * *

या भांडणात माझ्यावर तीन प्रश्न फेकले गेले. तिन्ही बरोबर आहेत, म्हणून टाळणार नाही.

पहिला हिंजवडीचाच: "रीफ ग्लोबल वॉर्मिंगनं मरतोय. आपण सात जण नाही गेलो तर वाचणार आहे का?"

नाही वाचणार. खरं आहे ते. पोवळ्याच्या अंगात शेवाळाच्या सूक्ष्म पेशी राहतात, त्या सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्याला खाऊ घालतात, रंगही त्यांच्यामुळंच. समुद्र नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त तापला आणि काही आठवडे तसाच राहिला की पोवळं त्यांना बाहेर काढतं आणि पांढरंफटक पडतं. याला ब्लीचिंग म्हणतात. ते लगेच मरत नाही, पण उपाशी असतं. लक्षद्वीपला १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये असे मोठे तडाखे बसले. २०२४ मध्ये पुन्हा बसला, त्याच वर्षी एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी चौथं जागतिक ब्लीचिंग जाहीर केलं. म्हणजे ज्या वर्षी आपण बहिष्काराच्या जोशात बेटाचे रील फिरवत होतो, त्याच वर्षी रीलमधला रीफ पांढरा पडत होता. म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनच्या अभ्यासकांनी अगत्ती, कदमत आणि कवरत्ती या तीन बेटांवर २४ वर्षं मोजमाप केलं. १९९८ मध्ये जिवंत प्रवाळ सुमारे ३७ टक्के होता, २०२२ मध्ये तो १९ टक्क्यांच्या आसपास आला. निम्मा गेला.

पण त्याच अभ्यासात दुसरी गोष्ट आहे. उष्णतेचे तडाखे न बसता साधारण सहा वर्षं मिळाली तर रीफ सावरायला लागतो. तो आजारातून उठणारा माणूस आहे. समुद्र तापणं मी थांबवू शकत नाही. पण आजारी माणसाच्या खाटेवर जाऊन बसायचं की नाही, हे तर माझ्या हातात आहे? त्याला उठायला जो वेळ मिळालाय त्या वेळात आपण त्याच्यावर सांडपाणी, नांगर आणि पाय टाकायचे, आणि वर म्हणायचं, 'तसाही तो मरणारच होता'?

दुसरा प्रश्न मास्तरचा: "तिथल्या पोरांना रोजगार नको का? आपण नाही गेलो तर ते काय खातील?"

हवाच. पर्यटन नको असं बेटावरचा माणूसही म्हणत नाही. प्रश्न किती आणि कुणाच्या अटींवर हा आहे. आणि अटी घालून धंदा बसत नाही, याचे दाखले आहेत. थायलंडची माया बे सिनेमामुळं जगभर गाजली, रोज हजारो लोक येऊन तिथला प्रवाळ पार मेला. २०१८ मध्ये सरकारनं ती बंद केली. साडेतीन वर्षांनी, जानेवारी २०२२ मध्ये उघडली, तेव्हा बोटींना आत यायला बंदी, माणसांची संख्या ठरलेली आणि पोहायला मनाई. लोक तरी येतातच. हवाईनं प्रवाळाला अपाय करणारी दोन रसायनं असलेलं सनस्क्रीन विकायला २०२१ पासून बंदी घातली. तिथलं पर्यटन काही बुडालं नाही. इतक्या लांब कशाला, आपल्या अंदमानात बघा. सेल्युलर जेल बघायला मराठी माणूस बसा भरभरून जातो आणि दुसऱ्या दिवशी वांडूरहून जॉली बॉयला. हे बेट १९८३ पासूनच्या सागरी राष्ट्रीय उद्यानात आहे. तिथं प्लॅस्टिक नेता येत नाही, बाटली नेली तर अनामत ठेवून मोजून परत आणायची. आणि जॉली बॉय व रेड स्किन ही दोन बेटं आलटून पालटून उघडतात, एक चालू तेव्हा दुसऱ्याला विश्रांती. शेत पड टाकतात तसं. आपल्या आज्याला हे समजावून सांगावं लागलं नसतं.

तिसरा प्रश्न पोल्ट्रीवाल्याचा. तो मला लागला. तो म्हणाला, "आमच्या बापानं पंढरपूर सोडून काही बघितलं नाही. मुंबईवाले तीस वर्षं फिरले तेव्हा कुणी काही बोललं नाही. आमच्या हातात आत्ता कुठं पैसा आला तर तू ब्रेक लावतो व्हय?"

याला माझ्याकडं आकडेवारीतलं उत्तर नाही. तो म्हणतोय तो अन्याय खरा आहे. ज्यांनी आधी फिरून घेतलं त्यांच्याच तोंडून आता जबाबदारीचं प्रवचन येतं, आणि ते ऐकून डोकं फिरतं. माझी आई अजून समुद्र बघितलेली नाही. पण मला एवढंच वाटतं, की आपण उशिरा निघालोय, त्यामुळं आधीच्यांनी केलेला घोळ आपल्याला दिसतो तरी. तोच घोळ 'आता आमची पाळी' म्हणून करायचा, ही बरोबरी नव्हे. तो फक्त मुंबईवाल्यांचा जुना शर्ट आहे, आपल्याला ढगळ होणारा. आणि बापाच्या पंढरपूरला कमी लेखू नकोस. त्या प्रवासाला शिस्त होती. दिंडीचा क्रमांक ठरलेला, मुक्काम ठरलेला, आपलं सामान आपण वाहायचं, दुसऱ्याच्या गावात हात जोडून शिरायचं. पाहुणा म्हणून जायचं कसं, हे त्याला येत होतं. आपण पॅकेज घेतलं आणि ते विसरलो.

* * *

आता माझा कबुलीजबाब. नाहीतर हा सगळा शहाणपणा फुकटचा वाटेल.

डिसेंबर २०१९ मध्ये मी मालवणला गेलो होतो. तोवर मला माहीतही नव्हतं की महाराष्ट्रात प्रवाळ आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूच्या खडकांवर तो आहे. तिथं १९८७ मध्ये २९ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. त्याला मच्छीमारांचा विरोध झाला, तो का झाला हेही समजून घेण्यासारखं आहे, कारण ज्यांचं पोट त्या पाण्यावर त्यांना विचारल्याशिवाय रेघ ओढली की असंच होतं. शिवाय विजयदुर्गपासून शंभरावर किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावानं ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा पाण्याखालचा मोठा रीफ आहे. शाळेत कान्होजी शिकलो, रीफ नाही शिकलो.

तर स्नॉर्केलिंग. लाइफ जॅकेट, तोंडात नळी, डोळ्यांवर मास्क. आमच्या बोटीवरच्या पोरानं पाण्यात ब्रेडचे तुकडे टाकले, पिवळे-काळे पट्टेवाले मासे अंगावर आले, पाण्याखाली फोटो निघाले. मग मास्कमध्ये पाणी शिरलं. मी घाबरलो. मला पोहता येतं, पण विहिरीत. पाय खाली सोडले, काहीतरी कडक लागलं, त्यावर उभा राहिलो, मास्क काढला, श्वास घेतला आणि हसत अंगठा वर केला. तो फोटो माझ्या फोनमध्ये आहे. वर्षभर माझा डीपी तोच होता. मी ज्यावर उभा होतो ते पोवळं होतं. गोल डोक्यासारखं वाढणारं पोवळं वर्षाला साधारण सेंटीमीटरभर वाढतं. माझ्या दोन पायांखाली किती वर्षं होती, मोजलेलं नाही.

त्या दिवशी मला कुणी सांगितलं नाही, हे खरं. मी विचारलंही नाही, हे जास्त खरं. ब्रेडवर जगायला लागलेला मासा शेवाळ खायचं सोडतो आणि शेवाळ प्रवाळावर चढतं, हे मला नंतर कळलं. मालवणच्या प्रवाळावरही ब्लीचिंग नोंदलं गेलंय, तेही नंतर कळलं. आणि मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कुबा करून परतणारी बोट उलटून दोघांचा जीव गेला, तेव्हा लक्षात आलं की घाई आणि गर्दी फक्त पोवळ्यालाच मारत नाही.

* * *

मग आम्ही काय ठरवलं?

बेत मोडला नाही. पण मी सांगितलं, परमिटचा फॉर्म मी भरेन, आधी माझा फॉर्म तुम्ही भरा. त्यात एवढंच होतं.

तुला पाण्यावर पालथं पडून दहा मिनिटं तरंगता येतं का? येत नसेल तर रीफवर जायचं नाही. लोक पोवळ्यावर उभे राहतात ते वाईट म्हणून नाही, घाबरले म्हणून. पुस्तकी नियम शंभर असतील, हा एक पाळला तरी निम्मं काम होतं.

बोटवाला नांगर कुठं टाकतो? प्रवाळावर टाकतो की आधीच बांधून ठेवलेल्या बोयाला दोर लावतो? माशांना खायला टाकतो का? एका खेपेला किती जण नेतो? मुक्कामाचं पाणी विहिरीचं की यंत्राचं, आणि संडासाचं पाणी कुठं जातं? हे बुकिंगच्या आधी फोनवर विचारायचं. एसी आहे का आणि वायफाय आहे का हे विचारतोच की आपण. ज्याला उत्तर देता येत नाही त्याला पैसे द्यायचे नाहीत.

सनस्क्रीन थापायचं नाही, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा. ऊस तोडताना घालतो तोच चालेल. प्लॅस्टिक नेलं तितकं मोजून परत आणायचं, माढ्यापर्यंत. खडा, शिंपला, पोवळ्याचा तुकडा शोकेससाठी आणायचा नाही. रीफ बांधणारी सगळी पोवळी २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्यानं वाघाच्या पंगतीला. मेलेला तुकडाही बेटाची माती आहे. आणि आंघोळ एकदा, बादलीत. टँकरच्या दिवसांत आपण करायचो तशी. येते आपल्याला. कोकणातल्या माणसाला जमणार नाही इतकी चांगली येते.

हे सगळं वाचून दोघं ग्रुपमधून बाहेर पडले. एक दुसऱ्या पॅकेजनं थायलंडला जाऊन आला, चांगले फोटो टाकलेत, मी लाइक केलेत. राहिलो पाच. लक्षद्वीपच्या आधी एकदा मालवणला जायचं, स्वतःच्या राज्यातल्या रीफवर नीट वागून दाखवायचं, मग पुढचा फॉर्म, असं ठरलंय.

सध्या रविवारी सकाळी केळीवाल्याच्या विहिरीवर जमतो. लहानपणी पाठीला डबा बांधून ज्या विहिरीत शिकलो तीच. तेव्हा शिकवलं होतं हातपाय मारायला. आता शिकायचंय हातपाय न मारता पडून राहायला, आणि ते जास्त अवघड आहे. जेसीबीवाला अजून अर्ध्या मिनिटात पाय खाली सोडतो. विहिरीला तळ लागत नाही म्हणून बुडी खातो, वर येतो, शिव्या देतो, पुन्हा पालथा पडतो. परवा त्यानंच ग्रुपचं नाव बदललं. आता ते 'आधी तरंगा' असं आहे.

परमिटचा फॉर्म माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर अर्धा भरून ठेवलाय. पाचही जण दहा मिनिटं तरंगले की सबमिट करणार.